पदपथावरील नायक : 'बालभारती'च्या संचालकांस अनावृत पत्र

मा. संचालक,
महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, पुणे यांस,


27 जानेवारी 1967 रोजी ज्या मंडळाची स्थापना झाली, ज्याची पुस्तके गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत शाळकरी मुलांच्या दप्तरात आहेत, आणि ज्याने 1971 च्या नोव्हेंबरात 'किशोर' मासिक काढून पाठ्यक्रमाबाहेरच्या वाचनाची जबाबदारीही आपण होऊन अंगावर घेतली, त्या मंडळाकडे मी एक दरखास्त सादर करीत आहे. ती कोणत्या धड्यातील मजकुराच्या दुरुस्तीची नाही. शहरातील रस्त्यांवर, फलाटांवर आणि पुलांखाली जी मुले आपली आपण राहतात त्यांना मराठी बालकथेत नायकाचे स्थान मिळावे, आणि ते दयेपोटी न मिळता त्यांच्या कर्तृत्वाच्या बळावर मिळावे, एवढीच तिची मागणी आहे. पत्र आपल्या नावे असले तरी ते उघडपणे लिहितो आहे, कारण ह्या विषयाशी मराठीतील प्रत्येक बालसाहित्यकाराचा, प्रकाशकाचा आणि पालकाचा संबंध पोहोचतो.

मी चेन्नईच्या मैलापूर भागात राहतो. कपालीश्वराचे देऊळ, त्याचे तळे, भोवतालचे चार माड रस्ते आणि लझचा नाका एवढा हा जुना मुलूख. ह्या लझच्या नाक्यावर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ह्यांच्या नावाचे ग्रंथालय आहे. न्यायमूर्ती 1901 साली निवर्तले, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत व्ही. कृष्णस्वामी अय्यर प्रभृती मद्रासच्या मंडळींनी, ज्यांचा पुण्याशी ना नात्याचा संबंध होता ना भाषेचा, त्यांचे स्मारक म्हणून येथे वाचनालय उभारले. त्याच सुमारास, 1905 साली, रामकृष्ण मिशनचे विद्यार्थिगृह मैलापुरात सुरू झाले आणि गरीब, पोरक्या मुलांच्या राहण्याची, जेवणाची व शिक्षणाची तजवीज झाली. एकाच वस्तीत, एकाच काळात, पुस्तकाची चिंता आणि निराश्रित मुलाची चिंता अशा दोन्ही चिंता जाणत्या माणसांनी वाहिल्या. परंतु त्या दोहोंची गाठ, म्हणजे निराश्रित मुलाचेच पुस्तक, ही गोष्ट राहून गेली, आणि शतक उलटून गेले तरी आपल्या भाषेत ती बहुतांशी राहूनच गेलेली आहे.

ह्या शहराच्या बाबतीत ती उणीव अलीकडे एका लेखिकेने भरून काढली. चेन्नईत वाढलेल्या, शिक्षणाने समुद्रशास्त्रज्ञ असलेल्या आणि आता अमेरिकेत स्थायिक झालेल्या पद्मा वेंकटरामन ह्यांची 'द ब्रिज होम' ही इंग्रजी बालकादंबरी 2019 साली प्रसिद्ध झाली. बापाच्या मारझोडीला कंटाळून विजी आणि रुक्कू ह्या बहिणी घर सोडतात. रुक्कू वयाने थोरली, पण तिची बुद्धी वयाबरोबर वाढलेली नाही, त्यामुळे कर्तेपण धाकटीकडे आलेले आहे. एका मोडकळीस आलेल्या, वहिवाट बंद झालेल्या पुलावर त्यांना मुत्तू आणि अरुल हे दोन मुलगे भेटतात. अरुलचे कुटुंब त्सुनामीने नेलेले आहे, आणि ज्याने 26 डिसेंबर 2004 नंतरच्या दिवसांत सांतोमच्या पलीकडची पट्टिनपाक्कमची वाळू पाहिली आहे त्याला तेवढा एक उल्लेख पुरे होतो. चौघे मिळून उकिरड्यावरून काच, पत्रा, प्लॅस्टिक वेचतात, भंगारवाल्याशी भाव करतात, एक कुत्रे पाळतात, आणि हळूहळू त्या पुलाचे घर होते. सबंध कादंबरी विजी आपल्या बहिणीला उद्देशून सांगते. आणि ती असे का सांगते आहे हे वाचकाला उमगते तेव्हा रुक्कू आजारात दगावलेली असते.

ह्या पुस्तकाला मी श्रेष्ठ मानतो ते त्यातील दुःखामुळे नव्हे. दुःख लिहिणे त्या मानाने सोपे आहे. जी रुक्कू घरी निकामी समजली गेली, तिच्याच हातची मण्यांची माळ विकली जाऊन चौघांच्या पोटात अन्न जाते, ह्या एका घटनेत लेखिकेने जे साधले आहे ते मला मोलाचे वाटते. पुढे निराधार मुलांचे गृह चालविणारी एक सहृदय स्त्री कथेत येते खरी, पण ती येते म्हणून मुले वाचतात असे होत नाही. तिच्या दाराशी जावे की न जावे, मोठ्या माणसाच्या शब्दावर पुन्हा एकदा भरवसा टाकावा की न टाकावा, ह्याचा निर्णय विजीलाच करावा लागतो, आणि तो निर्णय हाच कथेचा कणा आहे. 2019 साली अनेक देशांतील शाळांनी एकाच वेळी एकच पुस्तक वर्गात मोठ्याने वाचण्याचा जो उपक्रम केला त्यात हे पुस्तक निवडले गेले होते. परदेशातील मुलांनी चेन्नईचा उकिरडा आणि चेन्नईची माया ही दोन्ही ओळखून घेतली. महाराष्ट्रातील मुलाने ती का ओळखू नयेत, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याने दादरच्या, सोलापूरच्या, नागपूरच्या फलाटावरील मूल का ओळखू नये, असा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घर करून आहे.

हा परकीय विषय आहे असे कोणी म्हणू नये. मुंबईहून निघणारी चेन्नईची गाडी पुणे, सोलापूर, वाडी, गुंतकल करीत ह्या शहरात येते. मार खाऊन रात्री सोलापुरास गाडीत चढलेले पोर दुसऱ्या दिवशी जेथे उतरते तेथली भाषा त्याला येत नाही, आणि तरीही काही दिवसांत ते 'अण्णा', 'अक्का', 'तम्बी' हे तीन शब्द शिकून त्यांच्या जोरावर आपला निर्वाह चालवू लागते. उलट दिशेने गेलेली तमिळ मुले धारावीत आणि माटुंग्यात आढळतात. ज्याला रस्त्यावर जगायचे आहे त्याला प्रथम नाती जोडावी लागतात, आणि ह्या मुलांचे नाती जोडण्याचे कौशल्य पाहून थक्क व्हावे अशी स्थिती आहे.

मराठीत ह्या जगाचे दर्शन झालेच नाही असे मी म्हणत नाही. जयवंत दळवींचे 'चक्र' 1963 सालचे, मधु मंगेश कर्णिकांची 'माहीमची खाडी' 1969 सालची. झोपडपट्टीतले बाल्य त्यांत आहे, पण ती पुस्तके प्रौढांची आहेत आणि तशीच ती असावयास हवीत. रेणू गावस्कर ह्यांनी मुंबईच्या डेव्हिड ससून औद्योगिक शाळेतील मुलांविषयी 'आमचा काय गुन्हा?' हे पुस्तक लिहिले, ते मनाला हलवून सोडते. तेही मोठ्यांनी मोठ्यांसाठी वाचावयाचे आहे. आमच्या बालकथेचे थोर नायक पाहावेत तर साने गुरुजींच्या श्यामला आई आहे, आणि भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेला फुरसुंगीचे घर व पुण्यातील शाळा आहे. साहस कितीही दूर नेवो, परतीचा पत्ता ठरलेला असतो. त्या पुस्तकांवर माझे आजही प्रेम आहे. परंतु ज्याला परतीचा पत्ताच नाही असा मुलगा माझ्या वाचनातल्या मराठी बालकथेत येतो तेव्हा तो बहुधा दोन-चार पानांपुरता येतो: दिवाळीत फटाक्यांच्या दुकानाबाहेर उभा राहतो, सधन घरातला नायक त्याला आपला जुना सदरा देतो, नायकाचे मन भरून येते, आणि कथा संपते. त्या रात्री तो मुलगा कोठे झोपला हे कथेला विचारावेसे वाटत नाही.

साने गुरुजींना ह्या प्रश्नाचे मोल कळले होते. व्हिक्टर ह्यूगोच्या 'ले मिझेराब्ल'ला 'दुःखी' ह्या नावाने त्यांनीच मराठी रूप दिले. 1862 साली प्रसिद्ध झालेल्या त्या मूळ कादंबरीत गाव्रोश नावाचा जो पॅरिसच्या रस्त्यावरील मुलगा आहे, तो बास्तीच्या चौकातील हत्तीच्या भव्य प्रतिमेच्या पोटात राहतो, आणि एके रात्री उघड्यावर भटकणाऱ्या दोन लहानग्यांना तेथे आसरा देतो. ते आपले सख्खे भाऊ आहेत हे त्याच्या गावीही नसते. जॉर्ज आमादो ह्या ब्राझीलच्या लेखकाने 1937 साली साल्वादोर शहरातील गोदीवर राहणाऱ्या मुलांच्या टोळीवर कादंबरी लिहिली, तेव्हा तेथील राजवटीने तिच्या प्रती त्याच वर्षी चौकात जाळल्या. निराश्रित मुलांची कीव करणाऱ्या पुस्तकांना सरकारे सहसा जाळीत नाहीत. ज्या पुस्तकातील मूल मोठ्यांच्या जगाकडे मान वर करून पाहते, त्याचीच हुकूमशहांना भीती वाटते.

अशाच एका मान वर करून पाहणाऱ्या मुलीची, मी प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट येथे नमूद करतो. मैलापुरात मोगऱ्याचा गजरा वजनावर विकला जात नाही, हातावर विकला जातो. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत जी लांबी ती एक 'मुळम'. देवळाजवळच्या पदपथावर धाकट्या भावासह राहणारी दहा-अकरा वर्षांची एक मुलगी केळीच्या सोपटाच्या दोऱ्याने फुले बांधून विकीत असे. तिचा हात आखूड, त्यामुळे तिचा मुळमही आखूड, आणि गिऱ्हाइके तिच्याशी हुज्जत घालीत. तिने त्यावर तोडगा काढला होता. ती दोन भाव सांगे: 'अक्का, माझ्या हाताने वीस, तुमच्या हाताने तीस.' बहुतेक बायका हसून आपला हात पुढे करीत, ती फुलांची माळ त्यांच्या कोपरावर टेकवून बोटापर्यंत नेई, दोरा दाताने तोडी आणि तीस रुपये घेई. त्रैराशिक शिकण्यापूर्वीच ह्या मुलीने प्रमाण जाणले होते. तिचा फाटका झगा माझ्याप्रमाणेच शेकडो जणांनी पाहिला असेल. पण तिच्यावर कथा लिहावयास बसणाऱ्याने त्या झग्याचे वर्णन करून तिचे दोन भाव वगळले, तर त्याने त्या मुलीविषयी काहीच लिहिले नाही असे मी समजेन.

फाटक्या झग्यापाशीच थांबणे हा आमच्या बालकथेचा एक दोष. दुसरा दोष कथेतील उद्धारकर्त्याचा. आमच्या कथांत अखेरीस कोणी दयाळू डॉक्टर, कोणी निपुत्रिक दांपत्य किंवा कोणी पोलीस अंमलदार प्रकट होतो आणि मुलाला घर मिळते. राज्यसंस्थेचा आणि ह्या मुलांचा खरा व्यवहार किती वेगळा व किती नाट्यपूर्ण आहे ह्याची अशा लेखकांना कल्पना नसावी. निराधार मुलांसंबंधीचा हिंदुस्थानातील पहिला कायदा मद्रास इलाख्याने 1920 साली केला. मुंबई इलाख्याचा 1924 सालचा. त्याच 1920 साली मद्रासच्या नगरपालिकेने थाउजंड लाइट्स भागातील आपल्या शाळेत मुलांना दुपारचे जेवण देण्याचा ठराव मंजूर केला. शाळेत जाणाऱ्याच्या ताटात अन्न आले, रस्त्यावरच्याच्या नावाने दफ्तर उघडले गेले. दोघांतील शाळेचा उंबरठा मात्र पुष्कळांना आजही ओलांडता आलेला नाही. सांप्रतच्या 2015 च्या बालन्याय कायद्यान्वये असे मूल सापडल्यापासून चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. अध्यक्ष आणि चार सदस्य समोर बसलेले आहेत आणि ते मायेने विचारीत आहेत, बाळ, तुझे गाव कोणते? मुलाला पक्के ठाऊक आहे की गावाचे नाव सांगितले तर ज्या घरातून आपण जीव मुठीत धरून निघालो तेथेच आपली रवानगी होण्याचा संभव आहे, आणि न सांगितले तर मागे राहिलेली धाकटी बहीण कायमची दुरावेल. ह्या एका क्षणावर उत्तम कथा उभी राहू शकते. तिच्यात कोणी खलपुरुष नाही, कोणी देवदूतही नाही. समितीचे सदस्य सज्जन आहेत, मूल शहाणे आहे, आणि तरीही पेच खरा आहे. 1098 हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनी 1996 साली मुंबईतच सुरू झाला. तो क्रमांक फिरविण्यापूर्वी मुलाच्या मनात काय काय येऊन जाते, हेही कोणी मुलांसाठी लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही.

चित्रपटांनी ह्या बाबतीत ग्रंथांना मागे टाकले आहे, हे मला वाचक म्हणून लागते. 2014 सालचे उत्कृष्ट बालचित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक दोन चित्रपटांत विभागून दिले गेले: एक एम. मणिकंदन ह्यांचा तमिळ 'काका मुट्टै' आणि दुसरा परेश मोकाशी ह्यांचा मराठी 'एलिझाबेथ एकादशी'. पहिल्यात चेन्नईच्या वस्तीतील दोन भाऊ रुळांकडेचा कोळसा वेचून पैसा पैसा साठवितात. दुसऱ्यात पंढरपूरची मुले आपली सायकल वाचविण्यासाठी यात्रेच्या गर्दीत बांगड्या विकायला बसतात. ह्या मुलांना छप्पर आहे, आई आहे. तेव्हा ती माझ्या विषयाच्या ऐन मध्यभागी नाहीत. परंतु दोन्ही चित्रपटांत मुलांची युक्ती, त्यांचा हिशेब आणि त्यांचा मान ह्यांवरच कथा चालते. 'काका मुट्टै'वरून 2016 साली मराठीत 'हाफ तिकीट' निघाला, म्हणजे ह्या दोन भाषांमधील देवाणघेवाण अशक्य नाही. आणि चित्रपटच कशाला? 2019 च्या मे महिन्यात लंडनला लॉर्ड्सच्या मैदानावर रस्त्यावरील मुलांच्या पहिल्या क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तो दक्षिण भारताच्या संघाने इंग्लंडविरुद्ध जिंकला, आणि त्या संघात चेन्नईच्या 'करुणालय' संस्थेतील मुले होती. क्रिकेटचे वेड असलेल्या महाराष्ट्रात ही हकीकत किती मुलांना ठाऊक आहे?

पालकांचा आक्षेप मी जाणतो. एवढे कठोर वास्तव कोवळ्या मनापुढे कशाला, असे ते विचारतात. पण त्यांची मुले शाळेच्या बसमधून रोज ते वास्तव पाहतात. चौकातला दिवा लाल असताना काचेवर टकटक करणारा मुलगा त्यांच्याच वयाचा असतो, आणि त्यावेळी आई-वडील मान वळवितात हेही ती पाहतात. जे दिसते आहे त्याविषयी कोणीच बोलत नाही, ह्याचे ओझे मुलाच्या मनावर त्या दृश्याहून अधिक पडते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला मी मान देतो: भंगार वेचणाऱ्या मुलाची हुशारी रंगविता रंगविता त्याचे जिणे म्हणजे एक मौजेची सफर आहे असा भास होण्याची भीती असते. ही भीती खरी आहे. चौदा वर्षांखालील मुलाला कामाला जुंपणे गुन्हा आहे, आणि ज्या मुलीला दहाव्या वर्षी दोन भाव सांगावे लागतात तिच्यावर आपण सर्वांनी अन्याय केलेला आहे. चांगल्या लेखकाला ह्या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात सांभाळाव्या लागतील. तिच्या बुद्धीचे कौतुक करीत असताना ती बुद्धी तिला इतक्या लवकर का खर्चावी लागली, हा जाब त्याने विसरता कामा नये. हे कठीण आहे, म्हणूनच ते बड्या लेखकांचे काम आहे, नवशिक्यांवर सोपविण्याचे नव्हे.

आता दरखास्तीचा तपशील. 'किशोर'चा एक सबंध अंक आपण ह्या मुलांसाठी मुक्रर करावा. त्यातील निदान निम्मा मजकूर ज्या मुलांनी हे आयुष्य काढले आहे त्यांच्या तोंडून घेतलेला असावा; महाराष्ट्रात त्यांच्यासाठी रात्रशाळा आणि निवारे चालविणारी माणसे आहेत, त्यांच्या मदतीने तो मिळविता येईल. मुलांची खरी नावे छापू नयेत, परंतु मानधन मात्र इतर लेखकांना जे देता तेच द्यावे, आणि ते त्यांच्या नावे जमा करावे. चेन्नईची 'तूलिका' ही प्रकाशनसंस्था आपली चित्रपुस्तके अनेक भाषांत, मराठीतही, काढते; तिच्यासारख्यांशी बोलणी करून तमिळमधील कथा मराठीत आणि मराठीतील तमिळमध्ये नेण्याची व्यवस्था लावावी. अशी एखादी कथा पुढेमागे पाठ्यपुस्तकात आलीच, तर तिच्याखालील स्वाध्यायात 'ह्या कथेतून कोणता बोध मिळतो?' हा प्रश्न कृपा करून घालू नये. मुलांना विचारावयाचेच असेल तर तुम्ही त्या जागी असता तर गावाचे नाव सांगितले असते का, असे विचारावे, आणि येईल ते उत्तर बरोबर धरावे.

आपल्या कार्यालयात अशा पत्रांची आवक मोठी असेल ह्याची मला जाणीव आहे. म्हणून माझ्या वाट्याचे काम मी आधीच सांगून ठेवतो: आपण अंक ठरविल्यास तमिळमधील दोन कथा, मूळ लेखकांची रीतसर परवानगी घेऊन, मराठीत उतरवून मी मुदतीत पाठवीन, आणि त्याबद्दल मला मानधन नको. दिवाळी अंकांची आखणी उन्हाळ्यात होते असे ऐकतो. त्यापूर्वी ह्या दरखास्तीवर मंजुरी वा नामंजुरी, जो काही निर्णय होईल तो, 'किशोर'च्या पानांतूनच कळवावा ही विनंती.

आपला,
मैलापूर येथील एक मराठी वाचक